चपलांपाशी बसणारे आमचे आप्पा

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वाकडंतिकडं आहे. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर सांभाळून घ्यावं. पण एक गोष्ट खात्रीनं लिहिते. माझे चुलत सासरे आप्पा यांच्याइतका नम्र, आणि नम्रपणात इतका हट्टी माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात झाला नाही. आमच्या ख्रिस्ती वस्तीच्या छोट्या देवळात ते दाराशी, चपलांजवळ बसत. बसल्या बसल्या सगळ्यांच्या चपला पुसून मापाप्रमाणे लावून ठेवत, त्यामुळे उपासना संपली की अर्धा तास आपापली जोडी शोधण्यात जाई. पंगतीत शेवटचं पान त्यांचं. राजुरीच्या एका लग्नात एक म्हातारी त्यांच्याही पलीकडे बसली, तर आप्पा ताट उचलून तिच्या पलीकडे गेले, मग ती यांच्या पलीकडे, असं करत दोघं मांडव सोडून गोठ्यापाशी जेवली.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी पाळक बारा जणांचे पाय धुतात, प्रभूनं शिष्यांचे धुतले म्हणून. आप्पांपाशी आले की दरवर्षी घमेल्याची ओढाताण.

"आप्पा, पाय द्या."

"तुमी वर बसा, पाळकसाहेब. हे माजं काम हाय."

"मग तुमचे कोण धुणार?"

"माजे धुतल्यालेच हायेत की!" टाचा पाहाव्यात तर तव्यासारख्या काळ्या. शेवटी पाणी पाळकांच्या झग्यावर सांडायचं आणि आप्पांचे पाय कोरडेच राहायचे.

माझे मालक ट्रकवर होते. आळेफाट्याहून निघालेली गाडी घाटात उलटली आणि त्यांचं कमरेखालचं अंग गेलं. पडून पडून पाठीला जखमा झाल्या, वास सुटला. मी पहिल्यांदा फडकं हातात घेतलं आणि दारात जाऊन ओकले. आप्पांनी ते फडकं काढून घेतलं. "सूनबाई, तू कांदे निवडायला जा. हे माजं काम." सात महिने ते रोज सकाळी येत.

"आप्पा, न्हाऊ घालताय, नवरदेव हाय का मी?" मालक म्हणायचे.

"नवरदेव कसला! म्हैस धुतोय मी. शेपूट हलवू नको."

घरात तेवढंच हसू होतं.

मालक गेले तेव्हा पुरायची पेटी करायला माझ्याकडं काही नव्हतं. आप्पांनी स्वतःच्या पेटीसाठी डब्यात साठवलेले सगळे पैसे सुताराला दिले. "मला काय, गोधडीत गुंडाळा." ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. माझ्यापायी हा माणूस गोधडीत जाणार. तीन वर्षं मी कांद्याच्या मजुरीतून तेवढे पैसे बाजूला टाकत गेले. पैसे घेऊन गेले की ते म्हणत, "राहू दे, पोरांना वह्या घे." मला मोठ्यांपुढं बोलता येत नाही. मी परत यायची.

मग देवळाच्या पायरीवर चपला उचलताना आप्पा पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. कोणाला हात लावू देईनात. तहान लागली तरी पाणी मागत नसत, तोंड कोरडं पडेपर्यंत गप्प. एका सकाळी मी घमेल्यात ऊन पाणी घेऊन गेले.

"राहू दे, सूनबाई."

कुठून धीर आला कोण जाणे. "आप्पा, ह्यांचं सगळं तुमी केलं, माज्याच्यानं झालं नाय. आन् दर खेपेला तुमीच खाली बसणार, मग आमी कुटं बसायचं?"

 आप्पांनी चांगला पाय जरासा माझ्याकडं सरकवला. भेगांतली माती सुटून पाणी गढूळ झालं. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं होतं, डोळे गळत होते. "पाणी लई गार हाय," म्हणाले. पाण्याच्या वाफा निघत होत्या.

पाय पुसून मी पैसे त्यांच्या हातात दिले. त्यांनी बोट ओलं करून एकदा मोजले, पुन्हा मोजले. जन्मात कोणाचा चहा फुकट न प्यालेला तो माणूस म्हणाला, "पन्नास कमी हायेत."

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. पदराची गाठ सोडून पन्नासाची नोट काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

"फिटलं," आप्पा म्हणाले, आणि पैसे उशीखाली सरकवले.