सर्व्हरवर इच्छादेवीला बंदी

नात विचारते, "आजी, तू तरुणपणी कशी होतीस?" मी सांगते, फार हुशार होते गं, तीच तर पंचाईत होती.

बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळायची. सगळ्या स्टाफची खाती आणि पासवर्ड एका जागी ठेवणारा डिरेक्टरी सर्व्हर माझ्या ताब्यात होता. एके दिवशी मी त्यावर कडक नियम लावले. पासवर्ड लांब हवा, आकडा हवा, चिन्ह हवं, सोपा शब्द चालणार नाही. मग पदर खोचून व्हरांड्यातून अशी फिरले, जणू असीरगडाच्या किल्ल्या माझ्याच कमरेला.

पुढे कोणीतरी अंतर्गत परीक्षेचे गुण बदलले, आणि नाव निघालं बडे बाबूंच्या खात्याचं. बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क, रिटायरमेंटला टेकलेले. प्राचार्यांनी त्यांना बोलावलं आणि मलाही.

"यांच्या खात्यात दुसरं कोणी शिरू शकतं का?"

"शक्यच नाही, सर. माझे नियम लागलेत ना!"

बघा, एका वाक्यात माणसाची आयुष्यभराची अब्रू घालवायला निघाली होती ही बया, आणि वर मान ताठ!

बडे बाबू हळूच म्हणाले, "मॅडम, नियम लागले असतील, पण मला तं कोणी नवा पासवर्ड टाका म्हटलंच नाही. जुनाच चालू आहे."

माझी मान खाली आली. सर्व्हर नियम तपासतो तो पासवर्ड बदलताना. बदललाच नाही तर जुना मजेत चालत राहतो. सर्व्हरच्या माहितीपुस्तकात ते लिहिलं होतं, पण मला मिरवण्याची घाई.

आमच्याकडे नवा ट्रॅक्टर आधी इच्छापुरला इच्छादेवीसमोर उभा करतात, नव्या सुनेलाही नेतात. मग नव्या खात्याच्या पासवर्डला दुसऱ्या कोणाचं नाव मिळणार? बाबूंना काही न विचारता मी त्यांच्या खात्यात देवीचं नाव टाइप केलं, पुढे एक-दोन-तीन. खातं उघडलं.

"आता तुमचं बघू का, सर?"

तेही उघडलं. प्राचार्य चष्मा पुसू लागले.

"म्हणजे हे कोणीही करू शकतं?"

"इच्छापुरला जाऊन आलेला कोणीही, सर."

"बाबू, बसा. चहा घ्या," प्राचार्य म्हणाले. बाबूंवरचं बालंट तिथंच टळलं.

त्याच दुपारी मी सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावला. पासवर्डात न चालणाऱ्या सोप्या शब्दांची यादी सर्व्हरबरोबर आली होती, पण ती सगळी परदेशी. बुऱ्हाणपूर तिला काय माहीत! मी तिच्यात तापी घातली, केळी घातली, मावा जलेबी घातली आणि शेवटी देवीही.

बडे बाबू दारात उभे. "मॅडम, प्रत्यक्ष देवीला बंदी?"

"देवीला मनातच ठेवा, बाबू. कॉम्प्युटरला कशाला सांगता?"

ते हसले. मग खुर्ची ओढून बसले आणि बारीक डोळे करून म्हणाले, "एक बात सांगा. तुमचा स्वतःचा पासवर्ड बदलला का?"

सर्व्हरच्या मुख्य खात्याला हे नियम लागतच नाहीत. ते खातं माझं होतं, आणि त्याचा पासवर्ड अजून जुनाच होता.

"चहा घेऊन या बरं, बाबू," मी म्हणाले, आणि ते गेल्यावर आधी दाराला कडी लावली.