रिकाम्या पुंगळ्या जमा करा

बाबांची सबंध नोकरी दारूगोळ्याच्या सरकारी कोठारात गेली. खिडकीमागे बसून जवानांना गोळ्या द्यायच्या आणि झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घ्यायच्या. निवृत्त होऊन ते कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसले, तेव्हा मी हिंजवडीत कॉम्प्युटरवरचे खेळ बनवत होते. कुणी विचारलं की ते सांगत, "मुलगी खेळते. त्याचा पगार देतात." मला ते फार लागायचं.

आमच्या खेळात पुण्यावर झॉम्बी, म्हणजे मेलेली पण चावत सुटलेली माणसं, चालून येत आणि एकटा जवान त्यांना गोळ्या घाली. खेळ भलताच कंटाळवाणा झाला होता. सोमवारी परदेशी गिऱ्हाईक येणार होतं. त्याला तो आवडला नाही तर आम्हा पाचही जणांना नारळ मिळणार, हे ठरलेलं. रविवारी घरी मी तो चालवून बघत होते, तर बाबा मागे येऊन उभे राहिले.

"ही गोळ्यांची पेटी रस्त्यात कुणी टाकली?"

"ती असतेच तिथे, बाबा. उचलायची."

"सही न करता?"

"अहो, मागे चाळीस झॉम्बी लागलेत त्याच्या."

"लागू देत. आधीच्या पुंगळ्या जमा केल्या का?"

माझं डोकं फिरलं. रागाच्या भरात मी सगळ्या पेट्या काढल्या आणि खेळातल्या कसबा पेठेत एक खिडकी टाकली. आत कपाळावर चष्मा चढवलेले एक गृहस्थ. जितक्या पुंगळ्या आणाल तितक्याच गोळ्या. बाबांना चिडवून झालं की मी ती खिडकी काढून टाकणार होते. विसरले.

सोमवारी गिऱ्हाईक कसंबसं खिडकीशी पोचलं. "दोन कमी आहेत," गृहस्थ म्हणाले. गिऱ्हाईक थक्क झालं. मग दोन पुंगळ्या शोधायला पुन्हा झॉम्बींच्या गर्दीत शिरलं, आणि जेवणाची वेळ टळली तरी उठेना. आमच्या नोकऱ्या वाचल्या. त्याने एकच बदल सांगितला: झॉम्बी त्या गृहस्थांनाही चावले पाहिजेत.

घरी हे सांगताना मी घाबरले होते. बाबांनी आपला चष्मा कपाळावर चढवला.

"मग मी चार्ज कुणाला दिला?"

"कुणालाच नाही. तुम्ही झॉम्बी झालात."

"असं चार्ज न देता उठता येत नाही."

म्हणून मी त्यांना बसूनच ठेवलं. चावल्यानंतरही ते खिडकीत हिरवे पडून पुंगळ्या मोजतात आणि कुणाला चावत नाहीत. खेळ तपासणाऱ्यांनी ही चूक म्हणून कळवली. चूक नाही, असं मी उलट कळवलं.

त्या आठवड्यात शेजारच्या काकांनी जिन्यात माझी चौकशी केली. बाबा म्हणाले, "आम्ही दोघं एकाच खात्यात आहोत."