भूतकाकांची कॅसेट

भूतकाका बोलायला लागण्याआधी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकून यायचे, चूळ भरायचे आणि शर्टाचं गळ्याजवळचं बटण उघडायचे. एवढं झालं की खोलीतली पोरं गप्प व्हायची, कारण आता टीव्हीतलं भूत बोलणार असायचं. कॅसेटला आवाज नव्हता. त्या अडीच तासांच्या सिनेमात जावई होता, सासू होती, दूधवाला होता, एक भित्रा मांत्रिक होता आणि मेलेला सासरा होता. ही सगळी माणसं जबलपूरला, गढा भागातल्या त्या दोन खोल्यांमध्ये, एकाच माणसाच्या गळ्यातून बोलायची.

सिनेमा मराठी, जुना आणि आपल्या काळात गाजलेला. मुलीचं लग्न न पटलेला सासरा मरतो आणि भूत होऊन जावयाच्या घरी मुक्कामाला येतो. तो फक्त जावयाला दिसतो, त्यामुळे सगळं जग जावयालाच वेडा समजतं. काकूंच्या भावाने ही कॅसेट नागपूरहून आणली होती. काका फॅक्टरीत लेथवर होते, माझे वडील रेल्वेत. आमच्या ओळीत पाच-सहा मराठी घरं होती, आणि व्हीसीआर फक्त काकांकडे होता.

आवाज गेला तो काकांच्याच हातून. चित्र थरथरतं म्हणून एका बुद्धपौर्णिमेच्या सकाळी त्यांनी व्हीसीआर उघडला. "मशीन म्हंजे मशीन," असं म्हणत आतला एक पेच चांगला आवळला. मग तपासायला म्हणून पूर्ण कॅसेट चालवून पाहिली, पण टीव्हीचा आवाज बंद ठेवून, कारण शेजारच्या खोलीत काकूंची वंदना चालली होती. चित्र एकदम स्थिर झालं म्हणून काका खूश. त्या एका फेरीत फितीची कड पहिल्यापासून शेवटपर्यंत चुरगळली होती, आणि आवाज नेमका त्या कडेला असतो, हे त्यांना पुढे एका दुकानदाराने सांगितलं.

दुपारी खीर वाटून झाली. पंचवीसेक माणसं सतरंजीवर दाटीवाटीने बसली, खिडकीत कूलर घरघरत होता, आणि पडद्यावरचे लोक नुसतेच तोंड हलवायला लागले. काकू म्हणाल्या, "झालं तुमचं मिस्त्रीपण? आता सगळ्यायले घरी पाठवा." काका उठले, चूळ भरून आले आणि टीव्हीच्या बाजूला स्टूल घेऊन बसले. "काहून पाठवू? आवाजाचं काय, आवाज तं घरचाच हाय," असं म्हणून त्यांनी दूधवाल्याच्या तोंडी पहिलं वाक्य घातलं. त्या दिवसापासून दर बुद्धपौर्णिमेला हेच ठरून गेलं, आणि सख्ख्या पुतण्यांपासून परक्या पोरांपर्यंत सगळ्यांचे ते भूतकाका झाले.

सिनेमा त्यांनी नीट असा दोनदाच पाहिलेला होता, त्यामुळे मूळ संवाद पहिल्या वर्षीच संपले. पुढचं सगळं त्यांचं. त्यांचा सासरा फॅक्टरीतल्या फोरमनसारखा बोलायचा. जावई पलंगावर लोळत असला की भूत छतावरून विचारायचं, "काहून बे जावई, भोंगा वाजला ना? अजून झोपूनच राहिला?" जावई हात जोडून म्हणायचा, मामाजी, तुम्ही वारलात, आता तरी सुखाने राहा. त्यावर भूत शांतपणे उत्तर द्यायचं, "मी मेलो, रिटायर नाही झालो." हे वाक्य आम्ही शाळेत, बसमध्ये, परीक्षेच्या हॉलबाहेर, कुठेही म्हणायचो. हिंदी मित्रांना ते सांगताच यायचं नाही.

सासूचा आवाज काढताना ते थेट काकूंची नक्कल करायचे. तिथे काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "मी कधी अशी बोलली जी?" आणि काका मान न वळवता तेच वाक्य सासूच्या तोंडी घालायचे. काकूंना राग यायचा, पण दर वर्षी त्या नेमक्या त्या प्रसंगाला ओटा सोडून दारात येऊन उभ्या राहायच्या.

भुताला ओळीतली प्रत्येक बातमी माहीत असायची. कोण नापास झालं, कोणाची बदली झाली, कोणाच्या घरी गोंदियाहून पाहुणे येऊन महिनाभर हलले नाहीत, सगळं. एका वर्षी शेजारच्या मेश्रामांचं रिछाईतल्या एका कारखान्यातलं काम सुटलं होतं. ते घरी काही न सांगता रोज डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी परत यायचे. काकांना ते कुठूनतरी कळलं होतं. सिनेमात एक जागा होती, जावई दारात चप्पल हातात घेऊन उभा असतो आणि आत येत नाही. त्या दिवशी काकांनी भुताचा आवाज एकदम खाली आणला. "काम सुटलं तं सुटलं. भाकर सुटली का? हात धू, जेवायले बस." कोणी हसलं नाही, कोणाला कळलंही नाही. मेश्राम मागच्या भिंतीशी बसले होते. त्यांनी रुमाल काढून घाम पुसावा तसा चेहरा पुसला. संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, असं मला फार वर्षांनी माझ्या आईकडून समजलं.

आमची शाळा हिंदी, गल्ली हिंदी, भांडणंसुद्धा हिंदीतच. घरी आई-वडील मराठीत विचारायचे आणि आम्ही हिंदीत उत्तर द्यायचो. वर्षातल्या त्या एका दुपारी मात्र अडीच तास सलग मराठी कानावर पडायची, तीही हसवणारी. मला जी काही मराठी आली ती त्या स्टुलाशेजारी बसून. हे मी आता कबूल करते, तेव्हा केलं नव्हतं. बँकेतल्या नोकरीसाठी पुण्याला गेले आणि पहिल्याच आठवड्यात तोंडातून "काहून" निघालं. टेबलाभोवतीचे सगळे हसले. त्यांच्यात वाईट कोणी नव्हतं, पण मी मनाला लावून घेतलं. पुढची दोन वर्षं मी माझी भाषा खरवडून, घासून लख्ख केली. आता मी बोलले तर मी कुठली ते कोणाला ओळखता येत नाही. याचा मला बरेच दिवस अभिमानही होता.

त्याच अभिमानाच्या भरात मी ती डीव्हीडी विकत घेतली. पुण्याच्या एका दुकानात तोच सिनेमा दिसला, स्वच्छ चित्र, स्वच्छ आवाज. काकांना किती आनंद होईल असं मला खरंच वाटलं होतं. सोबत डीव्हीडी प्लेअरही घेतला आणि बुद्धपौर्णिमेला घरी गेले. काका चूळ भरून, बटण उघडून तयारच होते. मी म्हटलं, "काका, आज तुम्ही नुसतं बसून बघा. आज खरा सिनेमा."

खरा सिनेमा सुरू झाला. भुताचा आवाज बारीक निघाला, अगदी सभ्य माणसाचा. जावई पलंगावर लोळत होता तिथे भूत हवापाण्याविषयी काहीतरी बोललं. "रिटायर नाही झालो" हे वाक्य सिनेमात नव्हतंच. चप्पल हातात घेऊन दारात उभा असलेला जावई प्रत्यक्षात पायात काटा रुतला म्हणून थांबलेला होता. पोरं सुरुवातीला हसली, मग चुळबुळायला लागली. काकू दारात आल्या आणि परत ओट्याकडे गेल्या. काका मात्र शेवटपर्यंत ताठ बसून बघत होते. सिनेमा संपल्यावर ते म्हणाले, "बराबर आहे. हे लोक चांगलं बोलतात. मीच इतके वर्षं उगाच काहीबाही बोलून राहिलो होतो." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी त्यांच्याशी भांडले असते.

त्यानंतर ते कधीच बोलले नाहीत. पुढच्या वर्षी लोकांनी आग्रह केला तर म्हणाले, "आता ओरिजनल हाय ना घरी. तेच लावा." एक-दोन वर्षं तेच लावलं, मग लोक येईनासे झाले. जुनी कॅसेट आणि व्हीसीआर भंगारात गेला. मेश्राम मुलाकडे भोपाळला गेले, आमच्याही घरी आता भाडेकरू आहेत. काकू वारल्या. मी फोन करायचे, पण कर्तव्य म्हणून.

पुढे वर्षभर फोनवर त्यांचा आवाज घोगरा यायचा. मी म्हणायचे, काका, सर्दी झालीय का, काढा घ्या. ते म्हणायचे, "हाव बेटा, घेऊन राहिलो." मग एके दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. घशाचं ऑपरेशन आहे, स्वरयंत्र काढावं लागणार आहे, आठ दिवसांनी. तो हिंदीतच बोलला, "बाबा की आवाज़ नहीं रहेगी अब." आठ दिवस होते माझ्या हातात. मार्चअखेर होती, रजा मिळत नव्हती, खरं सांगायचं तर मी जोर लावून मागितलीही नाही. ऑपरेशन झाल्यावर भेटायला येते, असं मी सांगितलं. फोनवर दोन वाक्यं बोलायला लावून ती रेकॉर्ड करून घ्यावी एवढी अक्कल मला आली ती ऑपरेशन झाल्याचा निरोप आल्यावर.

मी गेले तेव्हा काकांच्या गळ्याला पट्टी होती आणि उशाशी पाटी होती. मी एक जाड वही नेली होती. म्हटलं, "काका, भुताचे सगळे संवाद यात लिहा. मला हवेत." त्यांचे डोळे चमकले. दोन दिवस ते खिडकीशी बसून लिहीत होते. तिसऱ्या दिवशी वही माझ्या हातात दिली तेव्हा त्यात दीड पान भरलेलं होतं आणि त्यातलंही बरंचसं खोडलेलं. भूत म्हणत होतं, "क्यों रे दामाद, काम छूट गया तो छूट गया। हाथ धो ले, खाना खा ले।"

काका हिंदी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. फॅक्टरीतले अर्ज हिंदीत, पत्रं हिंदीत. मराठी त्यांना फक्त तोंडाने येत होती, हाताने कधी आलीच नव्हती. लिहायला बसलं की पेन हिंदीत चालायचं. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "मज़ा नहीं आ रहा।" मी म्हटलं, राहू द्या, काही बिघडत नाही. ते बिघडलं होतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुपारी त्यांनी खुणेने डीव्हीडी लावायला सांगितली. त्यांची सून जबलपूरजवळच्या पाटणची, हिंदी घरातली, या घरात येऊन तिला चार वर्षं झाली होती. तीही भाजी निवडायला घेऊन आमच्याजवळ बसली. सिनेमा सुरू झाला तसं काकांनी रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. मग माझ्याकडे पाहिलं.

मला काय करायचं होतं ते समजलं. दूधवाला आला, त्याचं वाक्य मला आठवलं, ते मी म्हटलं. काकांनी मान हलवली. जावई आला, त्याचंही जमलं. मग भूत आलं आणि माझ्या तोंडून निघालं, "अहो जावईबापू, अजून उठला नाहीत?" ते बँकेच्या काउंटरवरून बोलल्यासारखं मलाच ऐकू आलं. मी परत प्रयत्न केला. शब्द तेच घेतले, पण ते जिभेवर बसेनात, कोणाची तरी थट्टा केल्यासारखे निघाले. डीव्हीडीच्या दिवशी जसे ऐकत होते तसेच काका ताठ बसून, सौजन्याने ऐकत होते. दोन-तीन वाक्यांनंतर मला काही आठवेना. मी थांबले.

पडद्यावर माणसं बोलत राहिली. सुनेने शेंगा सोलता सोलता विचारलं, "दीदी, अब क्या बोल रहा है ये?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांचे ओठ भराभर हलत होते. ते मधेच डोळे मोठे करत होते, मधेच सासूसारखी मान उडवत होते, नेमक्या जागी थांबून आम्ही हसण्याची वाट पाहत होते आणि मग पुढे जात होते. पूर्ण सिनेमा चालू होता त्यांचा. मी त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत राहिले. एकही शब्द मला कळला नाही.

"पता नहीं, भाभी," मी म्हटलं.