कर्णिकांची आठ सिलिंडरची गाडी

गुरुदत्त कर्णिकांना दुसऱ्या कुणाचीही गाडी कधी आवडली नाही. आमच्या रविवारच्या टोळक्यातल्या प्रत्येकाच्या गाडीची त्यांनी अब्रू काढली होती. माझ्या गाडीला ते "चार चाकांचं कपाट" म्हणत. मी त्यावर हसायचो आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायचो.

दर रविवारी सकाळी ठाणे-कल्याण-डोंबिवलीहून आम्ही सात-आठ जण शीळफाट्याजवळच्या एका हॉटेलात जमतो. मिसळ खायची आणि इंजिनांवरून भांडायचं. भांडण ठरलेलं असतं: साठच्या दशकातल्या दांडग्या इंजिनाच्या अमेरिकन मसल गाड्या खऱ्या, की आजच्या? आमच्यातल्या एकानेही अमेरिका पाहिलेली नाही, पण हिरिरी अशी, जणू गाड्या आमच्याच परसात बनत होत्या.

जुन्यांची बाजू कर्णिकांकडे. बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं पुणेरी. "कार्ब्युरेटर म्हणजे काय ते तुमच्या पिढीला कळायचं नाही," ते सुरू करायचे. "हल्लीच्या गाडीत कॉम्प्युटर गाडी चालवतो आणि तुम्ही नुसते बसता." मग वडिलांच्या अमेरिकन इम्पालाची गोष्ट. पासष्ट सालची, आठ सिलिंडरची. वडिलांनी थर्डहँड घेतली तेव्हा कर्णिक सोळा वर्षांचे होते. आता ती ठाण्यातल्या खोपट भागात, एसटी डेपोच्या मागे, त्यांच्या बैठ्या घराच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. कर्णिकांनी ती कधी चालवली नाही. पण तिचा आवाज मात्र ते गाल फुगवून काढून दाखवत, धडड धडड धडड, आणि हॉटेलातली पोरं पाणी ओतायची थांबून बघत राहत. "असा आवाज हवा. छातीत बसणारा."

ते स्वतः मात्र यायचे मयूरच्या मस्टँगमध्ये बसून. मयूर डोंबिवलीकडचा. जमिनी गेल्या, पैसे आले, त्यातून त्याने हौसेने सेकंडहँड मस्टँग घेतली, आजच्या अमेरिकन गाड्यांतली. म्हाताऱ्याला खोपटातून उचलायचा, परत सोडायचा, वर त्याचंच ऐकून घ्यायचा. एकदा त्याने अदबीने सांगून पाहिलं, "काका, तेव्हा हॉर्सपॉवर फुगवून सांगायचे ना. पंखा, सायलेन्सर, सगळं काढून इंजिन मोजायचे. मी वाचलेलं." कर्णिकांनी चमचा खाली ठेवला. "वाचलंत? वा. तुमच्या घराण्यात वाचन सुरू झालं म्हणायचं. तुमच्या वडिलांना दोन बैलांपुढे हॉर्सपॉवर ठाऊक नव्हती."

मयूरचे वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. मयूरने चमच्याने तर्री ढवळली. मग म्हणाला, "ठीक आहे काका. पुढच्या रविवारी तुमच्या अंगणात येतो आम्ही. माझं बॉनेट उघडतो, तुमचं पण उघडा. बघू कुणाचं काय आहे ते."

"माझं इंजिन तुमच्याहून उणं निघालं," कर्णिक म्हणाले, "तर या टेबलावर मी पुन्हा बसणार नाही."

रागाच्या भरात बोलून गेले. त्या टेबलाशिवाय त्यांचं कुणी काही ऐकत नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. शेजारी टाळत, नातेवाईक टाळत. एकुलता एक मुलगा नील कल्याणला राहतो, पण बापाच्या घराची पायरी चढत नाही. "त्याला गाड्यांत रस नाही," एवढंच कर्णिक सांगत. मला त्या माणसाची दया यायला हवी होती. नाही आली.

रविवारी आम्ही झाडून सगळे हजर. मयूरने मस्टँग फाटकातून आत घेतली, बॉनेट उघडलं आणि बाजूला उभा राहिला. आमच्यातल्या दोघांनी ताडपत्री ओढली. इम्पाला अजून देखणी होती, लांबलचक, मागचे दिवे शाबूत. बॉनेटला मात्र जाडजूड साखळी आणि कुलूप. कर्णिकांनी खिसे चाचपले. पुन्हा चाचपले.

"किल्ली सापडत नाहीये," ते म्हणाले. "आता काय करणार? पुन्हा केव्हातरी बघू."

त्यांचा चेहरा उतरला होता. तो किल्लीसाठी उतरला नव्हता, हे मला तेव्हाही कळलं. एक-दोघे "जाऊ दे" म्हणू लागले. तेवढ्यात कर्णिकांच्या पत्नी, प्रमोदिनीवहिनी, घरातून बाहेर आल्या. आमच्याशी कधी चार शब्दांपलीकडे न बोलणारी बाई. पायऱ्या उतरून त्या सरळ मयूरकडे गेल्या आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"माझ्या डब्यात होती," त्या म्हणाल्या. "उघड रे बाळ. सगळ्यांना बघू दे."

कुलूप गंजलं होतं, तेल सोडावं लागलं. बॉनेट कुरकुरत वर गेलं. आम्ही डोकावलो. एवढ्या मोठ्या पोकळीत, दोन बाजूंना वेडेवाकडे लोखंडी अँगल वेल्डिंग करून, एक चार सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलं होतं. टेम्पोचं. जुन्या काळी पेट्रोल परवडेना म्हणून पुष्कळांनी असं केलं होतं, आणि कर्णिकांच्या वडिलांनी गाडी घेतली तीच अशी असणार. म्हणजे जन्मभर हा माणूस गाल फुगवून आम्हाला टेम्पोचा आवाज ऐकवत होता.

हसायला कुणी सुरुवात केली ते सांगत नाही. पण मग कुणी थांबेना. एकाने गाल फुगवले, दुसऱ्याने हॉर्न वाजवला. मयूर हसला नाही. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "काका, ॲव्हरेज चांगलं देत असेल."

कर्णिक पुढे झाले. "चोरी झालीय. मूळ इंजिन कुणीतरी काढून विकलंय," ते ओरडले. "नीलने! त्यानेच विकलं असणार. पहिल्यापासून त्याचा डोळा होता या गाडीवर!"

वहिनी बॉनेटपाशी येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, पण प्रत्येकाला ऐकू येईल असं बोलल्या.

"नील चौदा वर्षांचा होता. त्याने एकट्याने हे बॉनेट उघडलं आणि तुमच्याकडे धावत आला. बाबा, यात टेम्पोचं इंजिन आहे, म्हणाला. त्याला वाटलं, पोराला इंजिन ओळखता आलं म्हणून तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही त्याच्या कानाखाली वाजवलीत. डावा कान गेला तो कायमचा. आणि दुसऱ्या दिवशी ही साखळी आणलीत. पोराचं खोटं वाटलं असतं, तर साखळी कशाला आणली असतीत?"

हसू कुठल्या कुठे गेलं. कर्णिक आमच्याकडे बघत होते. कुणीतरी त्यांची बाजू घेईल असं त्यांना अजून वाटत असावं. मयूरने आपल्या गाडीचं बॉनेट हळूच लावलं.

"तुला माहीत होतं," ते शेवटी बायकोला म्हणाले. "घरात बोलायचं. असं चारचौघांत..."

"घरात काय बोलायचं?" वहिनी म्हणाल्या. "घरात तुम्ही हात उचलला असतात. मला ही चार माणसं हवी होती. एवढी वर्षं वाट बघितली त्यांची."

त्या आत गेल्या आणि ताट घेऊन परत आल्या. ताटात शिऱ्याच्या वाट्या होत्या. सत्यनारायणाला करतात तसा, केळं घालून, भरपूर तुपातला शिरा. पहाटे उठून करून ठेवला होता. त्यांनी एकेकाला वाटी दिली. आम्ही घेतली, आणि उभ्याउभ्या खाल्ली. शिरा उत्तम झाला होता.

शेवटची वाटी त्यांनी नवऱ्यापुढे धरली. "घ्या," त्या म्हणाल्या, "नीललाही डबा पाठवलाय."