लघू, गुरू आणि उपग्रहाची हाक

माझी नात पुण्याला अभियांत्रिकी शिकत होती, तेव्हा तिच्या गटाने एक उपग्रह करायला घेतला. दोन तळहातांवर मावेल एवढी ती पेटी, मुलांनी स्वतः जुळवलेली. आपल्या देशात असे पूर्वी कोणी केलेले नाही, हे सांगताना तिचा आवाज खाली येई. गाभाऱ्यात येतो तसा.

त्या पेटीची हाक हे नातीचे काम. आकाशातून जाताना उपग्रहाने मोर्स लिपीच्या आखूड आणि लांब नादांत आपले नाव सांगत राहायचे. एवढा क्षीण नाद दूरवर पोहोचेल का, अशी तिच्या सरांना शंका होती. “सोमवारपर्यंत ऐकवा, नाहीतर तो भाग काढून टाकू,” असे त्यांनी बजावले होते. म्हणून एका रविवारी सकाळी दोन मुले पेटी घेऊन वरवंडजवळच्या टेकडीवर गेली आणि नात एका मैत्रिणीसह पाबळच्या माळावर आली. पूजा आटोपून मीही शिरूरहून निघालो. पोह्यांचा डबा सांभाळणे एवढेच माझे काम.

आमचे शेजारी चाचा आपली जीप घेऊन आले होते. नातीने अँटेना वरवंडच्या दिशेला धरला आणि कानी आली ती केवळ खरखर.

“गुरुजी, ह्यो तर माझ्या जीपचा रेडिओ हाय,” चाचा म्हणाले. “आन् त्याला कुणी उपग्रह म्हनत न्हाई!”

अँटेनाला जोडलेल्या लॅपटॉपलाही त्या खरखरीतून काही वेगळे काढता येईना. मी डोळे मिटले. वर्गात शेवटच्या बाकावरचे पठण ऐकताना मिटत असे, तसे. खरखरीच्या तळाशी काहीतरी चालले होते. आखूड, आखूड, लांब.

“अगं, हे लघू-गुरू आहेत.”

“आबा, खरंच ऐकू येतंय? लिहा, लिहा!”

चाळीस वर्षे फळ्यावर वृत्ते मांडली, त्याच खुणांनी मी तिच्या वहीत लिहीत गेलो. लघूला अर्धवर्तुळ, गुरूला आडवी रेघ. नाव सहा इंग्रजी अक्षरांचे. तिने मोर्सचा तक्ता काढून ताडून पाहिले. पहिली तीन अक्षरे जुळली. चौथ्यापाशी तिचे बोट थांबले. तक्त्यात तीन लघू आणि शेवटी एक गुरू; माझ्या वहीत चारही लघू.

“आजोबांचं वय झालंय गं,” मैत्रीण हसून म्हणाली. “एवढी एक खूण करून टाक लांब. बाकी सगळं आलंय ना?”

पेन्सिल माझ्याच हाती होती. नातीचा चेहरा पाहून तो वळसा सरळ करावा, असे मनात आले, हे कबूल करतो. कानांचा भरवसाही आता पूर्वीसारखा राहिला नव्हता. पण कोणा विद्यार्थ्याचा ऱ्हस्व मी कधी दीर्घ म्हणून सोडला नव्हता. आणखी तीनदा ऐकले.

“बाळ, चारही लघूच आहेत.”

तिने वाद घातला नाही. वरवंडला फोन लावला. “प्रोग्रॅममधलं चौथं अक्षर वाच रे.” पलीकडचे ऐकता ऐकता ती खाली बसली.

“आबा, चूक माझी आहे. शेवटची खूण मीच आखूड लिहिलीय.”

तिकडच्या मुलांनी दुरुस्ती करेपर्यंत आम्ही पोहे खाल्ले. मग पुन्हा ऐकले. तीन लघू, आणि मग तो गुरू असा सावकाश आला की माझा हात कागदावर काही क्षण तसाच राहिला.

सरांसाठी स्वच्छ प्रत काढ, असे मी तिला सुचवले. तिने ऐकले नाही. चुकलेली ओळ आणि तिच्याखाली सुधारलेली, असे ते पान जसेच्या तसे नेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. सरांनी लॅपटॉपवरचे माळावरचे ध्वनिमुद्रण लावले, पान समोर ठेवून दोनदा ऐकले, आणि यंत्राला जमले नाही ते कोणी वाचले, असे विचारले.

“मग?”

“ठेवली, आबा. सरांनी हाक ठेवली.” आणि ती रडू लागली.