नक्की की नक्को

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. चार माणसं रोज एकाच टेबलाला बसली की ते आपोआप साचत जातात, आणि मग चहाचा कप ठेवायलाही जागा उरत नाही. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यातलं मुलांच्या काही लक्षात राहिलं असेल असं वाटत नाही. माझ्याही फारसं राहिलेलं नाही. किस्से मात्र जसेच्या तसे आहेत. निदान मला तसं वाटतं. खात्रीनं सांगायची मला सवय नाही.

आमचं टेबल उस्मानपुऱ्यातल्या एका हॉटेलातलं. एके काळी कॉलेजच्या एकाच स्टाफरूममध्ये बसणारे आम्ही चौघं रिटायर झाल्यावर तिथं बसू लागलो. गणिताचे कादरी, इंग्रजीचे साळवे, वनस्पतिशास्त्राचे नरवडे आणि मी. कादरी माझा शाळेपासूनचा दोस्त, म्हणून आमचं अरे-तुरे. तो मला 'फलसफी', म्हणजे तत्त्वज्ञ, म्हणतो.

एका हिवाळ्यात डॉक्टरांनी कादरीला बायपास सांगितली. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा आला, बशीत चहा ओतला आणि म्हणाला, "फलसफी, तू सारी जिंदगी हेच शिकवलंस. आता ऑपरेशनच्या आधी मला एक जवाब दे. कुठला तरी एक धर्म खरा आहे, हे माणसाला नक्की कळू शकतं का?"

मी म्हणालो, अरे, तू तर पाच वक्ताचा नमाजी. तुला हा प्रश्न कशाला?

"नमाज चालूच राहील. पण पेपर सगळा बरोबर लिहिला आणि हॉलच चुकीचा निघाला, असं नको व्हायला."

साळवे आणि नरवडे हसले. कादरीही हसला. पण बशीतला चहा त्यानं तसाच निवू दिला, ते मला दिसलं. मी 'देतो' म्हणालो आणि तेव्हापासून माझी झोप उडाली.

*

हा 'नक्की' आमच्या दोघांत फार जुना. पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि आमच्या उर्दू शाळेत मराठी आली. शिकवायला पुण्याकडचे एक मास्तर आले. त्यांना आमची दखनी उर्दू कळेना, आम्हाला त्यांची मराठी. एकदा त्यांनी कादरीला तोंडी हिशेब घातला. त्यानं उत्तर बरोबर दिलं. मास्तर खूश होऊन म्हणाले, "नक्की?"

कादरीला ते 'नक्को' ऐकू आलं. वाटलं, मास्तर काहीतरी देऊ करताहेत आणि नको का, असं विचारताहेत. तो अदबीनं म्हणाला, "नक्को, सर."

"अरे, नक्की का?"

"नक्को, नक्को."

दखनीत नक्को म्हणजे नको, हे त्यांना कोण सांगणार? पोरगं वेडावून दाखवतंय असं वाटून त्यांनी छडी हाणली. मधल्या सुट्टीत हात चोळत कादरीनं मला विचारलं, "जवाब तो सही था ना?"

मी मास्तरांचाच शब्द उचलून म्हणालो, "नक्की!"

तेव्हा मला असं बोलता येत होतं.

*

साळवे छावणीतले, म्हणजे कॅन्टोन्मेंटातले. स्टाफरूममध्ये धर्माचा विषय निघाला की ते आपल्या दोन काकांची गोष्ट सांगायचे. सख्खे भाऊ, दोघंही ख्रिस्ती, पण एक कॅथलिक आणि एक प्रॉटेस्टंट. एकाच अंगणात समोरासमोर दारं. दुसरा नरकात जाणार याची प्रत्येकाला पक्की खात्री. तरी नाताळात इकडून तिकडं करंज्यांचं ताट जायचंच.

धाकट्यानं एकदा थोरल्याला टोमणा मारला, की मी जर नरकातच जाणार, तर मला करंज्या कशाला पाठवतोस?

थोरला म्हणाला, "तिथं कुठं मिळणार आहेत तुला?"

*

नरवडे पाचोडचे, धनगराच्या घरातले. त्यांचे वडील होते तेव्हा ते एकदा आम्हाला गावी घेऊन गेले. घरच्या देव्हाऱ्यात बिरोबा, आणि दर गुरुवारी दर्ग्याला मलिदा. मी नुकताच पीएच.डी. झालेलो. न राहवून म्हाताऱ्यांना विचारलं, की बाबा, या दोन्हींत खरं कोणतं?

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. म्हणाले, खरं-खोटं बाजारात बघायचं. बैल घेताना दात बघत्यात, तसं. देवाचे दात आपून बघत नाय.

"का नाही बघत?"

"आन चावला म्हंजे?"

नरवडे हा किस्सा सांगून अजून पोट धरून हसतात. मी त्या दिवशी हसलो नव्हतो. परतीच्या एस.टी.त हे उत्तर तर्कात कुठं बसतं ते शोधत होतो. अजून बसलेलं नाही.

*

वर्गात मी प्रत्येक धर्माची बाजू मांडायचो आणि मग प्रत्येकावरचे आक्षेप. एकदा एकाच दिवशी दोन पालक प्राचार्यांकडं आले. एकाचं म्हणणं, या सरांनी माझ्या मुलीला नास्तिक केलं. दुसऱ्याचं म्हणणं, यांच्या तासाला बसून माझा मुलगा उपास धरायला लागला. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि यातलं खरं काय ते विचारलं.

मी म्हणालो, "सर, दोन्ही बाजूंनी विचार केला तर..."

प्राचार्यांनी हात जोडले. "या केबिनला दोन दारं आहेत. कुठल्याही एकानं बाहेर जा."

मी उभाच राहिलो. कुठल्या दारानं जावं ते ठरेना.

*

मला एक खोड आहे. देऊळ दिसलं की हात छातीशी जातो. दर्गा दिसला की मान लवते. छावणीतून जाताना चर्चसमोर पाय आपोआप हळू पडतात. याला श्रद्धा म्हणवत नाही. ही निव्वळ भीती आहे. त्यातला एखादा खरा असला, आणि त्यानं मला तसंच पुढं जाताना पाहिलं तर?

आम्ही चौघं रिक्षातून जाताना कादरीच्या हे लक्षात आलं. म्हणाला, "ये देखो, हर खिडकी पे तिकीट निकालता."

साळवे म्हणाले, "आणि सगळीकडं वेटिंग. कन्फर्म एकही नाही."

*

ऑपरेशनची तारीख जवळ येत चालली. मी जुनी पुस्तकं काढून बसलो. रोज सकाळी कादरी विचारायचा, "हुआ?" मी म्हणायचो, "होतंय."

एक दिवस त्यानंच सुरुवात केली. टेबलावर साखरेची वाटी, मिठाची डबी, बशी आणि पेला असे मांडले. म्हणाला, हे चार धर्म समजा. प्रत्येक जण म्हणतो मीच खरा, बाकीचे तीन खोटे. आता मतं मोजा. प्रत्येकाच्या बाजूनं त्याचं स्वतःचं एक मत, विरोधात तीन. चौघंही पडले.

नरवडे म्हणाले, "डिपॉझिट पण गेलं की सगळ्यांचं!"

कादरी हसला नाही. साखरेची वाटी त्यानं हळूच जवळ ओढली. "पण फलसफी, चौघं मतांत पडले म्हणून एकही खरा नाही, असं सिद्ध होत नाही."

"नाही होत."

"म्हणजे एक खरा असू शकतो."

"असू शकतो."

"कौनसा, ते कळू शकतं?"

मी वेटरला हाक मारली आणि आणखी चार चहा सांगितले.

*

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही तिघंही हॉस्पिटलात होतो. साळवे चर्चमध्ये मेणबत्ती लावून आले होते. नरवडेंनी बिरोबाच्या भंडाऱ्याची पुडी आणली होती. भाभींनी, म्हणजे कादरीच्या बायकोनं, ती त्याच्या उशीखाली सरकवली आणि पुन्हा तसबीहचे मणी ओढू लागल्या. मी रिकाम्या हातानं गेलो होतो. माझ्याकडं फक्त एक वाक्य होतं. कितीतरी दिवस घोटून तयार केलेलं, खरं, प्रामाणिक वाक्य: नक्की सांगता येत नाही, कादरी, आणि मला वाटतं, कुणालाच येत नाही.

त्याला स्ट्रेचरवर घेतलं. कवळी काढल्यामुळं त्याचा चेहरा लहान दिसत होता, शाळेतल्यासारखा. वॉर्डबॉय ढकलायला लागला तसं त्यानं मान वळवली.

"फलसफी. जवाब?"

मी खडखडत्या स्ट्रेचरबरोबर चालू लागलो. "नक्की..." एवढं म्हणालो आणि त्याचा तो शाळेतला चेहरा बघून पुढचं गिळलं. कादरीनं एकदा मान हलवली आणि डोळे मिटले. थिएटरचं दार त्याच्यामागं बंद झालं.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. थोड्या वेळानं नरवडे म्हणाले, "सर, लई चांगलं केलंत. तुम्ही 'नक्की' म्हणालात, माणूस निवांत होऊन आत गेला."

साळवे म्हणाले, "नक्की कुठं? सर 'नक्को' म्हणाले. मी शेजारीच होतो. आता असला विचार नक्को, असं."

दोघांची जुंपली. मला विचारावं असं कुणालाच सुचलं नाही. मी दाराकडं बघत होतो. माझं अर्धं वाक्य घेऊन तो आत गेला होता. परत आला नाही तर मी न दिलेलं उत्तर घेऊनच जाणार होता. त्या दिवशी मी सगळ्या खिडक्यांपुढं उभा राहिलो, मनातल्या मनात, एकेक करून.

कादरी परत आला. आयसीयूत मला जाऊ दिलं तेव्हा त्याच्या नाकातली नळी नुकतीच काढली होती. मी वाकून म्हणालो, "कादरी, त्या दिवशी माझं वाक्य अर्धं राहिलं होतं."

त्यानं डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते. मी पुढं बोलणार, तेवढ्यात त्यानं माझं मनगट धरलं.

"मालूम है," तो म्हणाला. "पूरा नक्को कर."