साडेनऊ मामाची दोन बटणं

माझ्या मामाला कारखान्यात सगळे 'साडेनऊ' म्हणत, आणि तोही बिनदिक्कत ओ देई. डाव्या हाताचं अर्धं बोट प्रेसखाली गेलं, त्याचा हा हिशोब. पत्र्याला आकार देणारी ती प्रेस दोन बटणं एकदम दाबली तरच खाली यायची, म्हणजे दोन्ही हात बटणांवर आणि बोटं शाबूत. त्या दिवशी मात्र काम भरभर उरकावं म्हणून कुणीतरी एक बटण आतून वायरने कायमचं जोडून ठेवलं होतं. फोरमनने बटणाची डबी उघडून तो तुकडा मामाला दाखवला: बारीक तारांची तीनपदरी वेणी, पोरींच्या केसांची असते तशी. कुणी घातली, ते कधी कळलं नाही.

मामाला दवाखान्यात नेलं त्याच्या जोडीदाराने. हा आधीच्या पाळीला त्याच प्रेसवर असायचा. जखम भरेपर्यंत मामाच्या शर्टाची बटणंसुद्धा तोच लावून द्यायचा. मामी म्हणायची, "लग्न माझ्याशी केलंत आणि संसार त्याच्याशी!"

निवृत्तीनंतर दोघांना पोरखेळ सुचला. तरुणपणी ज्यावर पगार उडवले, तसलं खेळाचं यंत्र घरीच बनवायचं. उंच कपाट, पुढे पडदा आणि दांडी, आत एक जुना कॉम्प्युटर. सुतारकाम जोडीदाराचं, वायरिंग मामाचं. मामीने घरात जागा नाकारली, म्हणून यंत्र जोडीदाराच्या मागच्या खोलीत गेलं.

कॉम्प्युटर कपाटात कोंडलेला, तेव्हा चालू करायचं बटण बाहेर हवं. मामाने मदरबोर्डवरच्या दोन पिनांना वायर जोडून ती बाहेर काढली. पण एका बटणावर भागवेल तर तो मामा कसला! त्याने दोन लावली, एक कपाटावर, दुसरं समोरच्या भिंतीवर. दोन्ही एकदम दाबली तरच यंत्र सुरू. एकट्याने खेळायचं नाही, हा दोघांचा करार.

"आणि त्यांच्या घरच्या काकूंनी एक दाबलं तर?" मी विचारलं.

"ती यंत्राला सवत म्हणते. बोट लावणार नाही."

सुट्टीत मामा मला ते यंत्र दाखवायला घेऊन गेला. जोडीदार स्वयंपाकघरात चहा टाकत होता. मी कपाटापाशी उभा राहिलो, मामा भिंतीकडे निघाला. मला वात्रटपणा सुचला. तो पोचायच्या आधीच मी माझं बटण दाबलं.

आत पंखा घुरघुरला. पडदा उजळला.

मामाने डावा हात झटकन छातीशी ओढून घेतला.

मग त्याने खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि भिंतीवरची डबी उघडली. आत तीनपदरी वेणी.

"सापडलं का, लेका!" ट्रे घेऊन आलेला जोडीदार हसला. "अरे, तुझी वाट तरी किती बघायची? दुपारी खेळतो एखादा डाव."

"ही वेणी कुठे शिकलास?"

"शिकायचंय काय त्यात? दोन पोरींच्या घालून शाळेत पाठवल्यात. हाताला वळणच तसं..." तो मध्येच थांबला. नजर मामाच्या बोटावर गेली. त्याने ट्रे खाली ठेवला.

"पाळी संपताना रोज काढायचो रे," तो हळूच म्हणाला. "त्या दिवशी विसरलो."

"आणि दवाखान्यात? तेव्हाही विसरलास?"

"सांगणार होतो. पण तू माझा हातच सोडत नव्हतास."

 

मामा कपाटापाशी आला. मला बाजूला सारून त्याने तिथलं बटण सोडवलं, उघड्या तारांना नीट टेप गुंडाळली आणि बटण खिशात टाकलं.

"अरे, असं काय करतोस? आता हे चालू कसं व्हायचं?"

"घाल की वेणी," मामा चपला पायात सरकवत म्हणाला. "तुला येते."